खेड्यातील व गरजू रुग्णांसाठी डेंटिस्ट कसे घडतात? प्रशिक्षण, त्यातील उणिवा आणि तुमच्या जवळची दंतसेवा

“डॉक्टर, दाढ लई ठणकतीया. एक सुई मारा अन् गोळ्या द्या. परवा टोळीबरोबर कारखान्याला जायचंय.”

ऊसतोडीचा हंगाम तोंडावर आला की माझ्या ओपीडीत असे रुग्ण हमखास येतात. मी फॅमिली डॉक्टर आहे, दातांचा डॉक्टर नाही. एमबीबीएसला आम्हाला दातांविषयी फारच थोडे शिकवले जाते. सुरुवातीची काही वर्षे मीही अशा रुग्णांना अँटिबायोटिक आणि वेदनाशामक गोळ्या देऊन पाठवत असे. ठणका चार दिवस थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा, कारण दाढेतली कीड तिथेच असायची. या माणसाला खरी गरज होती डेंटिस्टची. तीही अशा डेंटिस्टची, जो परवा गाव सोडणाऱ्या रुग्णासाठी आज एका भेटीत काय करता येईल हे सांगू शकेल.

असे काम करता येणारा डेंटिस्ट नुसत्या पदवीने तयार होत नाही. त्याला ते शिकवावे लागते. हे शिक्षण आपल्याकडे कसे होते, कुठे कमी पडते, चांगले प्रशिक्षण कसे असते आणि तोपर्यंत तुम्ही उपलब्ध सेवेचा फायदा कसा घ्यावा, याची माहिती या लेखात आहे. रुग्ण, पालक, आशाताई, ग्रामपंचायत सदस्य आणि बीडीएसला प्रवेश घेणारे विद्यार्थी अशा सगळ्यांना ती उपयोगी पडेल.

थोडक्यात महत्त्वाचे

• भारतात डेंटिस्टची एकूण संख्या कमी नाही. ते शहरांत एकवटले आहेत, ही खरी अडचण आहे.
• बीडीएसच्या इंटर्नशिपमध्ये ग्रामीण सेवेसाठी सुमारे तीन महिने राखलेले असतात. ते कसे वापरले जातात यावर पुढचे बरेच काही ठरते.
• गावात काम करण्यासाठी कमी साधनांत उपचार, तोंडाच्या कॅन्सरची लवकर ओळख, गावाच्या सवयींची व पाण्याची माहिती आणि खर्चाविषयी मोकळे बोलणे ही कौशल्ये लागतात.
• ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय आणि दंत महाविद्यालय येथे मोफत किंवा अल्प दरात दंतसेवा मिळू शकते.
• जबड्याखाली सूज, ताप आणि गिळायला त्रास ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसली तर डेंटिस्टची वाट पाहू नका. लगेच मोठ्या रुग्णालयात जा.

डेंटिस्ट आहेत, पण कुठे?

देशात ३००हून अधिक डेंटल कॉलेज आहेत आणि दरवर्षी बीडीएसच्या २५,०००हून अधिक जागा असतात. तरीही तालुक्याच्या गावापासून वीस किलोमीटर आत गेलात तर डेंटिस्टची पाटी क्वचितच दिसते. २०११च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ६९ टक्के आणि महाराष्ट्रातील सुमारे ५५ टक्के लोक ग्रामीण भागात राहतात. दवाखाने मात्र शहरातल्या एकाच रस्त्यावर चार-चार असतात.

यामागे डेंटिस्टची नुसती अनास्था नाही. एमबीबीएस डॉक्टर टेबल, खुर्ची आणि स्टेथोस्कोप घेऊन ओपीडी सुरू करू शकतो. डेंटिस्टला खास खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्स-रे मशीन, निर्जंतुकीकरणाचे यंत्र, अखंड वीज आणि पाणी लागते. अनेकांच्या डोक्यावर खासगी कॉलेजच्या फीचे कर्ज असते. त्यातच गावातले रुग्ण बहुधा दुखल्याशिवाय येत नाहीत आणि आले की दात काढूनच मागतात. नुसते दात काढून दवाखान्याचा खर्च निघत नाही. सरकारी नोकरी म्हणावी तर तिथल्या जागा मर्यादित आहेत.

म्हणून कॉलेज आणि जागा वाढवून हा प्रश्न सुटत नाही. कोणाला शिकवायचे, कुठे शिकवायचे आणि नेमके काय शिकवायचे, हे ठरवावे लागते.

बीडीएसमध्ये काय शिकवले जाते?

बीडीएस हा चार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची इंटर्नशिप असा पाच वर्षांचा असतो. पहिल्या दोन वर्षांत शरीररचना, औषधशास्त्र, दातांचे मॉडेल करणे असे पायाभूत विषय असतात. तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी विद्यार्थी प्रत्यक्ष रुग्ण पाहतात. दात काढणे, कीड साफ करून दात भरणे, रूट कॅनाल, हिरड्यांचे आजार, कवळी, लहान मुलांचे दात, वेडेवाकडे दात सरळ करणे हे सगळे त्यात येते.

‘पब्लिक हेल्थ डेंटिस्ट्री’ म्हणजे सार्वजनिक दंतआरोग्य हा याच अभ्यासक्रमातला एक स्वतंत्र विषय आहे. गावाचे सर्वेक्षण कसे करावे, शाळेत तपासणी कशी करावी, प्रतिबंध कसा करावा, हे त्यात शिकवले जाते. इंटर्नशिपमधील सुमारे तीन महिने याच विभागात आणि ग्रामीण सेवेत घालवायचे असतात. त्यासाठी कॉलेज एखाद्या गावात उपकेंद्र चालवते किंवा दंतखुर्ची बसवलेली गाडी गावोगाव पाठवते.

कागदावर ही रचना चांगली आहे. पुढची अडचण अंमलबजावणीची आहे.

प्रशिक्षण कुठे कमी पडते?

१. शिबिर म्हणजेच ग्रामीण सेवा, असा समज. सकाळी गाडी येते, शाळेच्या व्हरांड्यात दोनशे मुलांचे दात पाहिले जातात, टूथपेस्ट वाटली जाते आणि ‘कॉलेजला या’ अशी चिठ्ठी हातात पडते. कॉलेज चाळीस किलोमीटरवर असते. त्या चिठ्ठ्यांपैकी किती जण पोहोचले, हे कोणी पाहत नाही. विद्यार्थी मोजणी शिकतो, रुग्णाची जबाबदारी घ्यायला शिकत नाही.

२. कोट्याची पद्धत. परीक्षेआधी ठरावीक संख्येने फिलिंग, रूट कॅनाल, कवळ्या पूर्ण करायच्या असतात. त्यामुळे विद्यार्थ्याची नजर रुग्णाच्या गरजेपेक्षा आपल्या यादीतल्या उरलेल्या कामावर जाण्याची भीती असते. कॉलेजात उपचार घेताना ‘हे काम आधी का?’ असे तुम्ही विचारू शकता.

३. सगळे शिक्षण पूर्ण सुसज्ज खुर्चीवर. कॉलेजात वीज जात नाही, शेजारच्या विभागात तज्ज्ञ बसलेले असतात. गावात वीज जाते, मदतनीस एकच असतो आणि सल्ला फोनवर घ्यावा लागतो. या परिस्थितीत निर्णय घेण्याचा सराव वेगळा करावा लागतो.

४. इंटर्नशिपवर परीक्षेच्या अभ्यासाचे सावट. एमडीएसच्या प्रवेशपरीक्षेची तयारी याच वर्षात चालते. ग्रामीण पोस्टिंग अभ्यासाला वेळ मिळण्याची जागा झाली तर ते तीन महिने वाया जातात.

गावासाठी कोणती वेगळी कौशल्ये लागतात?

कमी साधनांत उपचार

वीज आणि ड्रिल नसतानाही काही किडलेले दात वाचवता येतात. ‘एआरटी’ नावाच्या पद्धतीत हाताच्या छोट्या अवजारांनी मऊ झालेली कीड खरवडून काढतात आणि ‘ग्लास आयोनोमर’ सिमेंटने खड्डा भरतात. हे सिमेंट दाताला चिकटते आणि त्यातून थोडे फ्लोराइडही सुटत राहते. बहुतेक वेळा इंजेक्शनची गरज पडत नाही. ही पद्धत १९८०च्या दशकात टांझानियात, दंतखुर्ची पोहोचू शकत नाही अशा भागांसाठी विकसित झाली. दाताच्या एकाच बाजूला असलेल्या लहान-मध्यम खड्ड्यांसाठी ती चांगली चालते. कीड नसेपर्यंत पोहोचली असेल, रात्री ठणका लागत असेल किंवा पू झाला असेल, तर ती उपयोगाची नाही.

दुसरा उपाय म्हणजे ‘सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड’. हा द्रव किडीवर लावला की कीड पुढे सरकणे थांबू शकते. एका मिनिटाचे काम असते, दुखत नाही. लहान मुलांच्या दुधाच्या दातांसाठी आणि वयस्कर लोकांच्या उघड्या पडलेल्या दातांच्या मुळांसाठी त्याचा विशेष उपयोग होतो. मात्र किडलेला भाग कायमचा काळा पडतो. हे पालकांना आधी सांगून त्यांची संमती घेणे, हाही प्रशिक्षणाचा भाग आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ग्लास आयोनोमर सिमेंट, सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड आणि फ्लोराइड टूथपेस्ट यांचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. म्हणजेच हे ‘गरिबांसाठी दुय्यम उपचार’ नाहीत.

एक गोष्ट मात्र कुठेही कमी करता येत नाही, ती म्हणजे निर्जंतुकीकरण. अवजारे नुसती उकळणे किंवा डेटॉलमध्ये बुडवणे पुरेसे नाही. दाबाखालच्या वाफेने ती निर्जंतुक करावी लागतात. नाहीतर हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी असे आजार एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. शिबिरातही हा नियम तसाच लागू होतो.

एका भेटीत योग्य निर्णय

रूट कॅनाल आणि त्यावर कॅप हा अनेकदा उत्तम उपचार असतो, पण त्यासाठी दोन-चार भेटी आणि काही हजार रुपये लागू शकतात. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईसाठी प्रत्येक भेट म्हणजे एका दिवसाची बुडालेली मजुरी आणि एसटीचे भाडे. चांगला डेंटिस्ट तिला दोन्ही पर्याय, त्यांचा एकूण खर्च आणि भेटींची संख्या सुरुवातीलाच सांगतो. अर्धवट सोडलेला रूट कॅनाल पुढे जास्त त्रास देऊ शकतो. त्यामुळे पूर्ण होणार नसलेला उपचार सुरूच न करणे, हाही एक वैद्यकीय निर्णय आहे.

तोंडाचा कॅन्सर लवकर ओळखणे

ग्रामीण डेंटिस्टच्या हातून जीव वाचतो तो बहुधा इथे. २०१६-१७च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील सुमारे २४ टक्के प्रौढ व्यक्ती धूरविरहित तंबाखू वापरतात. विदर्भात खर्रा, अन्यत्र तंबाखू-चुना, तर अनेक घरांतील बायका मशेरी लावतात. मशेरीला बऱ्याच जणी व्यसन मानतच नाहीत. ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले की उत्तर ‘नाही’ येते. ‘सकाळी दात कशाने घासता?’ असे विचारले की खरे कळते. हा प्रश्न कसा विचारायचा, हे पुस्तकात नसते. ते गावात बसून शिकावे लागते.

सुपारीमुळे तोंड हळूहळू आखडत जाते, तिखट लागले की आग होते. पांढरे किंवा लाल चट्टे, न भरणारी जखम ही पुढची लक्षणे. दात काढायला आलेल्या प्रत्येक माणसाची जीभ उचलून, गालाच्या आतून, हिरड्यांच्या मागून पूर्ण तोंड तपासण्याची सवय विद्यार्थ्याला लागली पाहिजे. महाराष्ट्रात २०१२पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी सुपारी-तंबाखूची सवय गेलेली नाही, त्यामुळे ही तपासणी टाळता येत नाही.

पाणी आणि प्रदेश समजणे

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांतील काही गावांच्या बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते, असे भारतीय मानक सांगते. वयाच्या पहिल्या सात-आठ वर्षांत, कायमचे दात हिरडीखाली तयार होत असताना, जास्त फ्लोराइड पोटात गेले तर दातांवर खडूसारखे पांढरे किंवा पिवळे-तपकिरी पट्टे येतात. पट्टे असलेली मुले शाळेत हसताना तोंडावर हात धरतात. त्यांना ‘ब्रश करत नाहीस’ असे रागावणे हे चुकीच्या निदानाचे उदाहरण आहे. एका वर्गातल्या बहुतेक मुलांना असे पट्टे दिसले तर डेंटिस्टने पाण्याची तपासणी करायला सांगितले पाहिजे.

लोकांशी बोलणे

‘वरची दाढ काढली की नजर जाते’ ही समजूत तुम्हीही ऐकली असेल. ती खरी नाही. दाताच्या आणि डोळ्याच्या नसा वेगवेगळे काम करतात. पण ‘हे अडाणीपण आहे’ असे म्हणून ती जात नाही. आजीबाईंना शेजारी बसवून, त्यांच्या बोलीत समजवावे लागते. गोंडी, भिली, कोरकू बोलणाऱ्या पाड्यांवर भाषेसाठी आशाताईंची मदत घ्यावी लागते. दात काढल्यावर गुळण्या कधी करायच्या, काय खायचे, रक्त थांबले नाही तर कोणाला फोन करायचा, हे रुग्णाकडून परत वदवून घेण्याची सवयही शिकवावी लागते.

इतर आजारांचे भान

मधुमेह असेल तर हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात यायला अडचण होते. गरोदरपणात दातांचे आवश्यक उपचार करता येतात. तातडी नसेल तर चौथा ते सहावा महिना सोयीचा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करायची नसते. शहरात डेंटिस्ट फिजिशियनचे मत मागवतो. गावात त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरशी थेट बोलावे लागते. म्हणून मेडिकल आणि डेंटलच्या विद्यार्थ्यांनी काही काळ एकत्र काम करावे, असे मला वाटते. मी ते केले असते तर सुरुवातीच्या काही वर्षांतली बरीच अँटिबायोटिक्स वाचली असती.

चांगले प्रशिक्षण कसे असते?

डॉक्टर आणि इतर आरोग्य कर्मचारी दुर्गम भागात कसे टिकतील, याविषयी जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये शिफारशी केल्या. ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांना प्रवेशात प्रोत्साहन देणे, शिक्षणसंस्था मोठ्या शहरांबाहेर काढणे, शिकत असतानाच ग्रामीण पोस्टिंग देणे आणि नंतर राहण्याची व बढतीची सोय करणे, असा त्यांचा गाभा आहे. दंतशिक्षणाला त्या तंतोतंत लागू होतात. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा:

• पुन्हा पुन्हा तेच गाव. दर महिन्याला नवे गाव घेण्यापेक्षा त्याच गावात वर्षभर जाणे. आपण भरलेला दात सहा महिन्यांनी कसा आहे, हे विद्यार्थ्याला दिसले पाहिजे.
• सोबत शिक्षक. गावातला रुग्ण हा सरावाचे साधन नाही. उपकेंद्रात वरिष्ठ डॉक्टर हजर असलेच पाहिजेत.
• तपासणीबरोबर उपचार. शिबिरातच दात काढणे, सोपे खड्डे भरणे, स्केलिंग करणे. बाकीच्यांना नुसती चिठ्ठी न देता ठरलेली तारीख व शक्य तर वाहन देणे.
• बाजाराच्या दिवशी ओपीडी. लोक त्या दिवशी येतातच, वेगळी मजुरी बुडत नाही.
• मोजमाप बदलणे. किती जणांना तपासले यापेक्षा किती जणांचे उपचार पूर्ण झाले, संशयित जखमांपैकी किती जणांची बायोप्सी झाली, हे मोजणे.

डेंटिस्टशिवाय कोण मदत करू शकते?

प्रत्येक गावात डेंटिस्ट असणे शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. न्यूझीलंडने १९२१ मध्ये शाळांसाठी ‘डेंटल नर्स’ तयार करायला सुरुवात केली. दोन वर्षांच्या प्रशिक्षणानंतर त्या मुलांचे दात भरणे, काढणे अशी ठरावीक कामे करत. पुढे अलास्कातील आदिवासी समाजांनी आपल्याच तरुणांना न्यूझीलंडला पाठवून असे प्रशिक्षण दिले. ते परत आपल्या वस्तीत काम करू लागले आणि डेंटिस्ट दुरून देखरेख करू लागले.

भारतात अशी परवानगी असलेला वर्ग नाही. इथे दात भरणे आणि काढणे हे नोंदणीकृत डेंटिस्टचेच काम आहे. पण ओळखणे, समजावणे आणि वेळेत पाठवणे हे इतरांना शिकवता येते. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०पासून गावातल्या कमी शिकलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले आणि त्यांनी काय करून दाखवले हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. आज आशाताई, आयुष्मान आरोग्य मंदिरातील समुदाय आरोग्य अधिकारी आणि शाळा-अंगणवाडीत तपासणी करणारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके ही साखळी अस्तित्वात आहे. ३० वर्षांवरील व्यक्तींची तोंडाच्या कॅन्सरसाठी तपासणी हे तिच्या कामात येते. डेंटल इंटर्नने आपल्या तीन महिन्यांत या लोकांना तोंड नीट तपासायला शिकवले, तर तो गेल्यानंतरही काम चालू राहते.

तुमच्या जवळ सेवा कुठे मिळेल?

• प्राथमिक आरोग्य केंद्र आणि आयुष्मान आरोग्य मंदिर: तोंडाची प्राथमिक तपासणी, सल्ला, वेदनेवर तात्पुरते औषध, पुढे पाठवणे.
• ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय: यांतील अनेक ठिकाणी दंतचिकित्सक असतात. दात काढणे, भरणे, स्केलिंग होऊ शकते. जाण्याआधी फोन करून दंत ओपीडीचे दिवस विचारा.
• जिल्हा रुग्णालय: अवघड दाढ, जबड्याचे फ्रॅक्चर, बायोप्सी यांसाठी.
• दंत महाविद्यालय: मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. खासगी महाविद्यालयांच्या ओपीडीतही बाहेरच्या दवाखान्यापेक्षा दर बहुधा कमी असतात. उपचाराला वेळ जास्त लागतो, कारण विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात.

महाराष्ट्र शासनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३पासून तपासणी व उपचार निःशुल्क केले आहेत. कॅन्सरचे निदान झाल्यास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार मिळू शकतात. त्यासाठी रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा व रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा.

गावात दंतशिबिर होणार असेल तर सरपंच किंवा मुख्याध्यापकांनी आयोजकांना हे विचारावे:

१. फक्त तपासणी आहे की उपचारही?
२. अवजारे निर्जंतुक करण्याची सोय काय?
३. सोबत वरिष्ठ डॉक्टर कोण?
४. ज्यांना पुढे पाठवाल त्यांना कोणती तारीख, किती खर्च?
५. पुन्हा कधी याल?

शेवटच्या प्रश्नाला तारीख मिळाली, तर ते शिबिर घेण्यासारखे आहे.

डॉक्टरांकडे लगेच केव्हा जावे?

ताबडतोब, रात्र असली तरी:
• जबड्याखाली किंवा गळ्यावर पसरणारी सूज, सोबत ताप
• गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास, जीभ वर उचलली गेल्यासारखी वाटणे
• सुजेमुळे डोळा बंद होणे
• दात काढल्यावर कापसाचा बोळा अर्धा तास घट्ट दाबूनही रक्त न थांबणे

खालच्या दाढेचा संसर्ग जिभेखाली आणि गळ्यात पसरला तर श्वासाची वाट बंद होऊ शकते. हा जिवावरचा प्रसंग आहे.

एका आठवड्याच्या आत:
• दोन आठवड्यांत न भरलेली तोंडातील जखम
• पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, कारण नसताना हलू लागलेला दात
• स्वतःची तीन बोटे उभी तोंडात न जाणे

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

अँटिबायोटिकने दाढदुखी बरी होते का?
नाही. ताप किंवा पसरणारी सूज असेल तरच त्याचा उपयोग, तोही डेंटिस्टच्या उपचाराच्या जोडीला. दुखणे डेंटिस्टकडे पोहोचेपर्यंत थोपवायचे असेल तर पॅरासिटामॉल घेता येते. मूत्रपिंडाचा आजार, अल्सर किंवा गरोदरपण असेल तर इतर वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. दाढेत तंबाखू, चुना, रॉकेल किंवा गोळीची पूड भरू नका, हिरडी भाजते.

विद्यार्थ्याकडून उपचार घेणे सुरक्षित आहे का?
शिक्षकांची देखरेख असेल तर होय. शिक्षकांनी प्रत्येक टप्पा पाहिला का, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

दुधाचे दात पडणारच आहेत, मग उपचार कशाला?
दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकतात. त्या दुखत असतील तर मूल नीट जेवत नाही, झोपत नाही, शाळेत लक्ष लागत नाही. पू झाला तर खाली तयार होणाऱ्या कायमच्या दातालाही इजा होऊ शकते.

महागडी टूथपेस्ट हवी का?
नाही. निदान १,००० पीपीएम फ्लोराइड असलेली साधी टूथपेस्ट पुरते. तीन वर्षांखालील मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढी द्या. मोठ्यांसमोर घासू द्या, म्हणजे मूल ती गिळणार नाही.

माझी मुलगी बीडीएस करते आहे. गावात काम करायचे तर तिने काय करावे?
ग्रामीण पोस्टिंग मनापासून करावी, दात काढणे, एआरटी आणि बायोप्सी यांत हात बसवावा आणि निदान सहा महिने ग्रामीण रुग्णालयातील अनुभवी दंतचिकित्सकासोबत काम करावे. पूर्ण दवाखाना थाटण्याआधी बाजाराच्या गावी आठवड्यातून दोन दिवस बसून पाहावे. तिथल्या फॅमिली डॉक्टरांना आणि आशाताईंना आधी भेटावे, कारण रुग्ण त्यांच्याकडूनच येतील.

लक्षात ठेवा

सुरुवातीला सांगितलेल्या ऊसतोड कामगारासारख्या रुग्णांना आता मी नुसत्या गोळ्या देऊन पाठवत नाही. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातील दंतचिकित्सकांना फोन करतो, ‘परवा निघायचंय’ हे सांगतो आणि चिठ्ठीवर वेळ लिहून देतो. बहुतेक वेळा काम त्याच दिवशी होते. तुम्हीही डेंटिस्टकडे गेलात की आपली अडचण आधी सांगा: किती दिवस हातात आहेत, किती पैसे आहेत, पुन्हा येता येईल की नाही. ज्याला नीट शिकवले आहे असा डेंटिस्ट त्यानुसार उपचार ठरवेल. आणि दुखत नसले तरी वर्षातून एकदा तोंड उघडून दाखवा, विशेषतः घरात कोणी तंबाखू, सुपारी, खर्रा किंवा मशेरी वापरत असेल तर.

हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. उपचार आपल्या डॉक्टरांच्या प्रत्यक्ष तपासणीनंतरच ठरवावेत.